बटाट्याला दोष देण्याआधी

फ्रान्समध्ये रविवारी उकडलेल्या मांसाचे मोठे पातेले शिजले, की सोमवारी किंवा मंगळवारी त्या घरात काय असणार हे मुलांनाही ठाऊक असते. उरलेले मांस बारीक चिरायचे, कांद्यावर परतायचे, वर लोणी-दूध घालून कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर द्यायचा आणि सोनेरी पापुद्रा येईपर्यंत ओव्हनमध्ये भाजायचे. या पदार्थाचे नाव ‘आशी पार्मांतिये’. ‘आशी’ म्हणजे बारीक चिरलेले, आणि पार्मांतिये हे माणसाचे आडनाव. इंग्रजांच्या शेफर्ड्स पायचा हा फ्रेंच भाऊ. शाळेच्या जेवणघरात, वृद्धाश्रमात, रुग्णालयाच्या ताटात तो नेमाने दिसतो, कारण तो मऊ असतो, पोटभर होतो आणि दात नसलेल्यालाही खाता येतो.

आहाराविषयी सल्ला देणाऱ्यांना हा पदार्थ पाहिला की घाम फुटतो. बटाटा, लोणी, चीज आणि लाल मांस! मधुमेह, हृदयविकार, वजन यांपैकी कोणतीही तक्रार असलेल्या माणसाला यातले निदान दोन जिन्नस ‘बंद’ म्हणून सांगितले जातात. बंद करणे सोपे असते. कागदावर एक ओळ लिहिली की काम झाले. पण ज्याच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो त्या माणसाची हकिकत वाचली, तर वैद्यकाने असे शिक्के मारताना जरा थांबावे असे वाटते.

आंत्वान-ओगुस्तँ पार्मांतिये हा लष्करातला औषधनिर्माता. जन्म १७३७, मृत्यू १८१३. सप्तवार्षिक युद्धात तो प्रशियाच्या कैदेत पडला आणि तिथे त्याला बटाटे खावे लागले. फ्रान्समध्ये तेव्हा बटाटा डुकरांचे खाद्य समजला जाई. इतकेच नव्हे, तर त्याने कुष्ठरोग होतो या समजुतीपायी पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायपीठाने, १७४८ साली त्याच्या लागवडीवर बंदीही घातली होती. पार्मांतिये कैदेतून धडधाकट परतला. पुढे दुष्काळात कशावर जगता येईल या विषयावर बेझांसों येथील अकादमीने स्पर्धा ठेवली, तेव्हा त्याने बटाट्याची बाजू मांडून बक्षीस मिळवले. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला. त्याने शेताभोवती दिवसा शिपाई उभे करून रात्री मुद्दाम काढून घेतले, म्हणजे लोकांनी मौल्यवान वस्तू समजून बटाटे चोरावेत, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याच्या थडग्यावर लोक अजूनही बटाटे ठेवून जातात.

आज बटाट्याने कुष्ठरोग होतो असे कोणी म्हणत नाही, पण ‘बटाट्याने साखर वाढते’ हे वाक्य त्याच सुरात म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, मात्र अर्धे. बटाटा कुस्करला की त्यातला स्टार्च सहज पचतो आणि रक्तातली साखर लवकर चढते. अखंड उकडलेल्या बटाट्यापेक्षा कुस्करलेला त्या बाबतीत वाईट. पण नुसता कुस्करलेला बटाटा कोण खातो? खाली मांसाचा थर आहे, सोबत थोडे स्निग्ध आहे, त्यामुळे पोट सावकाश रिकामे होते आणि चढ मंदावतो. शिजवून थंड केलेल्या बटाट्यातला काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो हेही खरे. मात्र त्याचा फायदा माफक आहे, त्यावर भिस्त ठेवू नये. खरा प्रश्न प्रमाणाचा. १ किलो बटाट्यात सहा माणसांचे भागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६५ ग्रॅमच्या आसपास बटाटा येतो. त्यात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे दोन लहान पोळ्यांएवढी. गडबड होते ती सोबत पाव घेतल्यावर. फ्रेंच माणूस बशी पुसायला बागेत तोडतो, आपण वडा पावात घालतो आणि बटाट्याची भाजी पोळीशी खातो. मधुमेह असलेल्याने त्या जेवणात पाव सोडावा आणि शेजारी कच्च्या पालेभाजीचे सॅलड घ्यावे. बटाट्याचा थर तसाच राहिला तरी चालेल.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असते, तिथे मात्र काळजी हवी. बटाट्याच्या लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिले, तर पोटॅशियम बरेच कमी होते. किती खायचे हे तरीही उपचार करणाऱ्यालाच विचारावे.

आता लोणी. जोएल रोबुशाँ या विख्यात फ्रेंच बल्लवाचार्याची बटाट्याची प्युरे जगभर गाजली. तिच्या छापील कृतीत १ किलो बटाट्याला २५० ग्रॅम लोणी आहे. वर्षातून एकदा उपाहारगृहात ती चाखायला हरकत नाही, पण मंगळवारच्या जेवणाला ते माप लावू नये. लोण्याचा निम्मा भाग संपृक्त मेद असतो. घरी १ किलोला ४० ग्रॅम लोणी आणि पाऊण पेला गरम दूध पुरते. मऊपणा लोण्याने येतो हा गैरसमज आहे. तो येतो योग्य बटाटा निवडल्याने आणि तो गरम असतानाच हाताने कुस्करल्याने. पिठूळ जातीचा बटाटा घ्यावा. फ्रान्समध्ये बिंट्ये ही जात त्यासाठी वापरतात. मिक्सर कधीही फिरवू नये, पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि डिंकासारखा लगदा हाती लागतो. जाँ मांतले नावाच्या फ्रेंच माणसाने १९३२ साली हाताने फिरवायची भाज्यांची चक्की बाजारात आणली, तिच्यातून पुढे मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. ती चक्की म्हणजे हुबेहूब आपले पुरणयंत्र. ज्यांच्या घरी पुरणयंत्र आहे त्यांनी दुसरे काही विकत घेऊ नये.

बटाटा आणि लोणी यांवर एवढी चर्चा होते, आणि ज्याने माणूस खरोखर रुग्णालयात पोहोचतो त्या गोष्टीवर चकार शब्द निघत नाही. ती म्हणजे मांस.

हा मुळात उरल्यासुरल्याचा पदार्थ. मांसाचे मोठे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवले, तर ते तासन्‌तास कोमट राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि त्या कोमट रश्श्यात झपाट्याने वाढतात. दुसऱ्या दिवशी चव बदललेली नसते, वास येत नसतो. खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. तरुण माणूस एका दिवसात सावरतो, अशक्त म्हातारा माणूस सावरेलच असे नाही. उपाय साधा आहे. जेवण झाल्यावर उरलेले मांस रश्श्यातून काढून पसरट भांड्यात ठेवावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावे. आख्खे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर त्याचा मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो.

उरलेले मांस नसले की हल्ली ताजा खिमा आणतात. इथे दुसरा धोका. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू असले तर ते पृष्ठभागावर असतात, भाजताना मरतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. म्हणून मांसाचा तुकडा आत गुलाबी राहिला तर चालते, खिमा राहिला तर चालत नाही. गुरांच्या आतड्यातल्या ई. कोलायच्या काही जातींचे विष लहान मुलांत रक्तपेशी फोडते आणि मूत्रपिंडे निकामी करते. २०११ च्या जूनमध्ये उत्तर फ्रान्समध्ये गोठवलेल्या खिम्याच्या वड्या खाऊन लहान मुले याच आजाराने रुग्णालयात दाखल झाली होती. तेव्हा कच्चा खिमा भांड्यात पसरून वरून बटाटा थापण्याची घाईची पद्धत सोडून द्यावी. तो जाड थर उष्णता आत जाऊ देत नाही आणि वरचा पापुद्रा सोनेरी झाला तरी आत कच्चे राहू शकते. खिमा आधी कढईत तपकिरी होईपर्यंत परतावा.

कृती तशी सरळ आहे. दोन कांदे थोड्या तेलात मऊ करावेत, लसणाची पाकळी, तमालपत्र, थाइम घालावे, ४०० ग्रॅम मांस परतावे, कोरडे वाटले तर वाटीभर रस्सा घालावा आणि भरपूर चिरलेली पार्स्ली. बटाट्यात चिमूटभर जायफळ. वर चीज मूठभर, तेही किसून, म्हणजे थोडे पुष्कळ दिसते. २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटे. उरलेल्या मांसाचे केले असेल तर मध्यभाग वाफाळेपर्यंत गरम झालाच पाहिजे, ७५ अंश तरी. मटणाच्या खिम्याने केले तरी हे नियम तेच राहतात, आणि गोव्यातल्या पोटॅटो चॉप्सलाही तेच लागू.

लाल मांस आठवड्याला ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, असे फ्रान्सचा राष्ट्रीय पोषण कार्यक्रम सांगतो. त्या हिशेबात हा पदार्थ सहज बसतो, कारण माणशी ६५-७० ग्रॅमच मांस येते. निम्म्या मांसाऐवजी उकडलेली हिरवी मसूर घातली तर तंतू वाढतात आणि खर्च घटतो. फ्रेंचांना प्युईची मसूर आवडतेच, त्यामुळे त्यांनी नाक मुरडायचे कारण नाही.

तयार मिळणाऱ्या ट्रेची गोष्ट वेगळी. त्यात मांस किती आणि बटाट्याचे कोरडे चूर्ण किती हे बारीक अक्षरांत शोधावे लागते. २०१३ साली युरोपात गोमांसाच्या नावाखाली घोड्याचे मांस विकल्याचे उघड झाले, तेव्हा बाजारातून मागे घेतलेल्या मालात आशी पार्मांतियेचे ट्रेही होते. फ्रान्सने २०१७ पासून न्यूट्रीस्कोरची अक्षरे सुचवली, ती उपयोगी आहेत, पण मिठाचा आकडा स्वतः वाचावा. तो १०० ग्रॅमला दिलेला असतो. समजा तो ०.८ असेल आणि ट्रे ३०० ग्रॅमचा, तर एका जेवणात २.४ ग्रॅम मीठ गेले. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. घरी केल्यावर हे माप आपल्या हातात राहते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे. बटाटा बंद, लोणी बंद, मांस बंद असे ऐकून सत्तरी ओलांडलेला माणूस चहा-बिस्किटांवर येतो. साखर आटोक्यात दिसते, पण वजन उतरते, मांड्या बारीक होतात, एक दिवस स्नानघरात पडून खुब्याचे हाड मोडते. अशा माणसाला मऊ, प्रथिनयुक्त, चवीचे काही हवे असते. एकदा केलेले सहा वाटे करून दोन दिवसांचे फ्रिजमध्ये आणि बाकीचे त्याच दिवशी गोठवून ठेवावेत. गोठवलेला वाटा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली आणून ठेवावा, ओट्यावर नव्हे, आणि गरम एकदाच करावा.