कोड वाचला म्हणजे निदान झालं?

पेण-रोह्याच्या गाडीवाल्यांनो, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लागून राहतो ना? गॅरेजवाला स्कॅनर लावतो, 'यॉ सेन्सर गेला' म्हणतो आणि नव्या सेन्सरचा आकडा सांगतो. दोन मिनिटांत निकाल!

हा सेन्सर गाडी किती वेगाने वळतेय ते मोजतो. ईएससीचा कॉम्प्युटर ते माप स्टीअरिंगच्या कोनाशी आणि चाकांच्या वेगाशी ताडून बघतो. मेळ बसला नाही की कोड येतो. आता 2011 पासून रुंदीकरण चाललेल्या आपल्या महामार्गावर वडखळ-नागोठणे करून अलाइनमेंट बिघडलं, तर सरळ जातानाही स्टीअरिंग वाकडं राहतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी वळतेय. यॉ सेन्सर सांगतो, नाही. म्हणजे खरं बोलणाऱ्यालाच फाशी!

आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. गाडीत पुराचं पाणी शिरलं असेल तर सेन्सरचा कनेक्टर उघडा, गंज दिसेल. मग सपाट जागी गाडी उभी करून स्कॅनरवर चालू आकडे बघा. यॉ शून्याजवळ आहे, वळवल्यावर नीट बदलतोय, मग सेन्सर का बदलायचा? अलाइनमेंट करून स्टीअरिंगचा सेन्सर शून्यावर सेट करा.

आणि दिव्यावर चिकटपट्टी लावणाऱ्यांनो, भारत एनकॅपमध्ये 3 किंवा जास्त तारे मिळवायला ईएससी लागतंच. तारे बघून गाडी घेता आणि ऐन पावसात ईएससी बंद ठेवून फिरता?

पैसे देण्याआधी ते आकडे दाखवायला सांगा. बदललेला जुना सेन्सरही मागून घ्या.