सातबारा आणा म्हणे

शेतातून थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत! घोषणा झकास आहे. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार काढले. दलाल गेला म्हणे.

आमच्या वस्तीपाशीही रविवारचा बाजार ठरतोय. कमिटी म्हणते, ओटा पाहिजे तर सातबारा आणा. कुठला आणू? जिनं रोजानं वांगी तोडली, बांधावरची पाथरी न् घोळ खुडून टोपली भरली, ती बाई शेतकरी नाही. बांधाचा मालक तेवढा शेतकरी. त्याच्या नखात माती नसली तरी चालते, उताऱ्यावर नाव पाहिजे.

जागा, ताजवा, पावती यांवर दोन तास चर्चा झाली. झाडू कुणी मारायचा, हे कुणी बोललंच नाही. सगळ्यांनी नुसतं आमच्याकडं बघितलं.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात, नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के माणसं विक्रेत्यांनी निवडून दिलेली लागतात; त्यांत एक तृतीयांश बाया. मग या कमिटीला हा नियम का लागू नको? तोडणारी, वाहणारी, टोपलीवाली, सगळ्यांना मत द्या. ओटे चिठ्ठ्या टाकून वाटा, पहिली रांग कुणाच्या बापाची नाही. आणि झाडूची पाळी लावा, अध्यक्षापासून.