एकतर्फी निकाल आणि आपली लाज

बँक कर्ज नाकारते, सिबिल अहवालात 'दावा दाखल' अशी नोंद निघते. चौकशी केल्यावर कळते, समन्स जुन्या पत्त्यावर गेले आणि दिवाणी न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा दिला. अनेकदा कर्ज दुसऱ्याचे असते, जामीनदार म्हणून सही आपली. लोक लाजेने गप्प बसतात आणि वसुली करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

बाजू न ऐकता झालेला निकाल शेवटचा नसतो. समन्स कायदेशीर रीतीने बजावलेच नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 खाली तो रद्द करून मागता येतो. निकाल कळल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याने कर्ज माफ होत नाही, पण बाजू मांडण्याचा हक्क परत मिळतो.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही हा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या.

सिबिलमधली नोंदच चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि आपण नोटीस न वाचता पेटीत ठेवतो! रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास नोटिसा वाचण्यासाठी ठेवा. हेही चळवळीचेच काम आहे.

जय भीम!