घोळ कशाला म्हणावे?

वसईच्या बाजारात सकाळी 'घोळ' ऐकू आला, तर तो कोणता हे आजूबाजूला बघूनच ठरवावे लागते. वाडीवरून आलेल्या भाजीवाल्याकडे घोळ म्हणजे मांसल पानांची, तांबूस देठांची आंबट पालेभाजी. अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या कोळणीकडे घोळ हा मासा. आणि शेजारच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र उघडलेले असेल, तर घोळ बहुधा मतदारयादीतला असतो.

घरात शिरले की हा शब्द आणखी पसरतो. तुकडी रव्यात घोळवतात, परकराला घोळ असतो, उन्हाने पोराचा घोळणा फुटतो, एखादी गोष्ट दिवसभर मनात घोळत राहते. यांतल्या बऱ्याच अर्थांमागे एकच हालचाल आहे: गोल फिरणे. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी प्राकृत व्याकरणात नोंदवले आहे की, गरगरणे या अर्थाच्या संस्कृत 'घूर्ण्' धातूच्या जागी प्राकृतात 'घोल' येतो. आयुर्वेदात सायीसकट, पाणी न घालता घुसळलेल्या दह्याला घोल म्हणतात. बंगालीत ताकाला आजही घोल म्हणतात, आणि 'घोल खाणे' म्हणजे फजिती होणे. हिंदीत साखर पाण्यात घोलतात. घुसळले की वेगळे काही उरत नाही, सगळे एकजीव होते. आपल्या गोंधळाच्या अर्थाची वाट तिथूनच निघालेली दिसते.

पण याच क्रियापदाने मराठीत नेमके उलटे कामही केले आहे. बाई सूप तिरके धरून अलगद गोल हलवते. तांदूळ एकीकडे सरतात, कणी आणि खडा दुसरीकडे उरतो. यालाही घोळणेच म्हणतात. कालवणारा आणि निवडणारा शब्द एकच, ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, आणि ती शब्दकोशापेक्षा स्वयंपाकघरात जास्त टिकली आहे.

माशाचे नाव मात्र याच धातूला बांधण्याचा मोह आवरावा. घोळ विणीच्या काळात थव्याने जमतो, म्हणून त्याचे 'घोळक्या'शी नाते जोडावेसे वाटते. पण नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती ठरत नाही. त्याची कीर्ती वेगळीच आहे. पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात मोठा भाव मिळतो. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या बोटीला 157 घोळ मिळाले आणि ते सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरातने घोळाला राज्यमासा केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेट निवडले होते.

आता वर्तमानपत्री घोळाकडे येऊ, कारण खरी काळजी तिथे आहे. 'घोळ झाला' या वाक्यात कर्ताच नसतो. यादीत नावाची काना-मात्रा चुकली, दोन फायलींची अदलाबदल झाली, तर हे वाक्य योग्यच आहे. पण नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. बनावट कागदपत्रे दाखवून तिथली घरे विकली गेली, असे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. याला 'कागदपत्रांचा घोळ' म्हणणे म्हणजे त्या कुटुंबांवर दुसरा अन्याय करणे होय. कागद आपोआप घोळत नाहीत. कुणीतरी खोटा शिक्का बनवतो, कुणीतरी बांधकाम चढताना पाहूनही गप्प बसतो.

गाडीच्या दारात उभी राहणारी आपली मुले हा भेद अचूक पाळतात. चूक झाली की ती 'घोळ' म्हणतात. कुणी मुद्दाम केले असेल तर 'झोल'. त्यांची ही नेमकी जाण सरकारी पत्रकांत आणि आम्हा पत्रकारांच्या मथळ्यांत यायला हवी. नजरचुकीला खुशाल घोळ म्हणा. पण जिथे खोटी सही, खोटा शिक्का आणि लोकांचा पैसा आहे, तिथे फसवणूक हाच शब्द छापा आणि ती कुणी केली हेही विचारा. आम्ही ते छापले नाही, तर वाचकांनी आम्हाला खडसावून जाब विचारावा.