मोत्याचे पंचांग

वसंत ऋतू नेमका केव्हा लागतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. परंपरेने चैत्र व वैशाख हे वसंताचे मास. परंतु वसंतपंचमी यावयाची ती माघ शुद्ध पंचमीस. १९५७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पंचांगाने फाल्गुन व चैत्र हे महिने वसंताला दिले असून त्यातील फाल्गुन २० फेब्रुवारीस लागतो. आमच्या घरी या विषयावर दरवर्षी भोजनोत्तर वाद होतो. दादा पंचांग उघडून बसतात, मुले भिंतीवरील दिनदर्शिकेकडे बोट दाखवितात, आणि मी साक्षीस बोलावितो तो मोत्याला.

मोत्या हा आमचा कुत्रा. कुळाने गावठी, अंगाने पांढरा, कानावर एक तपकिरी ठिपका. तेरा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी मुलांनी त्याला पिशवीत घालून आणला, तेव्हा थोरल्या काकूंनी एकच दंडक घातला : "अंगण त्याचे, ओटी आपली." काकूंचे सोवळे कडक, पण सांगावयास आनंद वाटतो की, घरातील एकाही माणसाने पाळला नसेल इतक्या निष्ठेने हा नियम मोत्याने पाळला.

आमचे गाव वाईजवळ, कृष्णाकाठी. पौषाच्या थंडीत मोत्याचा मुक्काम मागील दारी, पाणी तापविण्याच्या चुलीपाशी ऊन राखेत असतो. पुढे एके दिवशी तो राख सोडून पूर्वेकडील भिंतीचे ऊन धरतो. ही पहिली खूण. डिसेंबरअखेरच्या मानाने फेब्रुवारीअखेरीस आमच्याकडील दिवस सुमारे ४० मिनिटांनी मोठा झालेला असतो. आपणांस ते घड्याळ पाहून कळते, त्याला अंगावरच्या उन्हावरून कळते. दुसरी खूण म्हणजे दहा वाजले की तो कडुलिंबाखाली सरकतो आणि जीभ बाहेर काढून धापा टाकू लागतो. आपल्यासारखा सर्वांगाला घाम येण्याची सोय कुत्र्याला नाही; उष्णता बाहेर टाकावयाची ती मुख्यतः जिभेवाटे. याच सुमारास त्याचे केस झडू लागतात. गोणपाटावर पडलेले ते पांढरे पुंजके चिमण्या चोचीत धरून वळचणीला नेतात. एकाचे थंडीचे पांघरूण ते दुसऱ्याच्या पिलांचे अंथरूण!

सकाळचा आमचा फेरफटका ठरलेला. मोत्या प्रत्येक बांधाशी थांबणार, हुंगणार. नाइलाजाने मीही थांबणार. हरभऱ्याच्या शेतात मात्र तो शिरत नाही. पानांवरची आंब पायांना लागली की चाटून चाटून बेजार होतो, हे तो एकदाच शिकला. ओढ्याकाठची सावर पाने टाकून लाल फुलांनी भरलेली असते व मधासाठी साळुंक्या नि कावळे तिच्यावर भांडत असतात. पांडवगडाच्या उतारावर पळस पेटू लागतो. तांबट पक्ष्याची एकसुरी टुकटुक सुरू होते. हिवाळाभर गप्प असलेला कोकीळ आपला गळा तपासून पाहतो. गाणारा असतो तो नर, ठिपक्यांची मादी ती तान घेत नाही. आंब्याला मोहर असतो, पण त्याच्या वासाने सुखावून जाण्याइतका शेतकरी मोकळा नसतो. दोन दिवस मळभ आले, तर तुडतुडे आणि भुरी त्या मोहराची माती करतील, ही धास्ती त्याच्या मनात असते.

तिसरी व शेवटची खूण हळदीची. आमच्या भागात माघ-फाल्गुनात हळद निघते. कंद खणून काढून मोठ्या काहिलींत शिजवितात आणि उन्हात वाळत घालतात. काहिलीच्या आसऱ्याला मोत्या दरसाल न चुकता जातो आणि सांडलेल्या पाण्यातून चालत घरी येतो. अंगणात पिवळी पावले उमटली की आमच्या घरी वसंत लागला.

यंदा मात्र पौषातच त्याचे मागचे पाय आखडले. तालुक्याहून आलेले पशुवैद्य म्हणाले, "वय झाले. ऊब द्या, झेपेल तेवढे चालवा." रात्री पाहतो तो त्याच्या अंगावर जुन्या लुगड्याची गोधडी. ती कोणाची, हे घरात सर्वांना ठाऊक होते. विचारले कोणीच नाही.

मी एकटाच फिरावयास जाऊ लागलो. सावर फुलली, पळसही फुलला. पण अर्ध्या तासाची वाट दहा मिनिटांत संपे आणि घरी आल्यावर सांगण्यासारखे काही नसे. आजवर माझा समज होता की, मी कुत्र्याला फिरावयास नेतो. मला थांबविणारा तो होता, हे मला त्या दिवसांत उमगले.

माघ वद्यातील एका सकाळी धाकट्या पुतण्याची हाक आली. धावत गेलो. अंगणात पिवळी पावले होती. मागच्या पायांच्या फरफटलेल्या रेघाही होत्या. पायऱ्यांवर पावले होती, आणि तेरा वर्षांत प्रथमच ओटीवरही होती. त्या पावलांच्या शेवटी मोत्या दमून पडला होता. काकू हातात पोतेरे घेऊन उभ्या होत्या. पुतण्या पुसावयास पुढे झाला, तशा त्या म्हणाल्या, "राहू दे रे आजच्या दिवस. हळदीची पावले आहेत."

दादांनी चष्मा काढला आणि पंचांग मिटले.

असो. आता ऊन चढेल. आपल्या दारी असा कोणी मुका जीव असेल, तर सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे व ते रोज धुऊन भरावे. कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहाव्या. पिसाळरोगाची वार्षिक लस चुकवू नये. आणि सकाळी त्याच्याबरोबर निघाल्यावर तो थांबला, तर साखळी ओढू नये. तेथे काहीतरी पाहण्यासारखे असते.