सस्पेन्स खात्यातलं संगीत

गेल्या दिवाळीत एका अंकात मी एक निरुपद्रवी लेख लिहिला. निरुपद्रवी असं आपलं मी समजत होतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो असताना मुलीच्या खोलीतून पियानोचे चार-सहा सूर ऐकू आले, तांब्या हातात धरून मी दाराशी पाच मिनिटं उभा राहिलो, आणि चौकशीअंती ते सूर ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या व्हिडिओ गेममधले निघाले, एवढीच त्यातली घटना. लेखाच्या शेवटी ‘हे संगीत मला आवडलं’ असं एक वाक्य होतं. ते वाक्य नडलं.

त्या एका वाक्यावर सतरा पत्रं आली. बँकेत तेवीस वर्षं कारकुनी केल्यामुळे आलेला कागद आवक रजिस्टरात चढवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. त्याप्रमाणे वर्गवारी येणेप्रमाणे: निषेधाची अकरा, उपदेशाची तीन, अभिनंदनाचं एक, काळजीचं एक आणि विमा एजंटाचं एक. विमा एजंटाने लेख वाचलेला दिसत नाही, पण माझ्या प्रकृतीची चौकशी फक्त त्यानेच केली आहे. बाकीच्यांना माझी प्रकृती बिघडली तर हवीच आहे.

सगळ्यांना पोस्टाने उत्तरं पाठवणं परवडत नाही. सबब ती इथेच देतो.

आवक क्रमांक एक. पुण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक. पत्र चार पानी, पाठपोट लिहिलेलं, म्हणजे आठ. सारांश असा, की संगीत ही साधना आहे, यंत्राच्या टुंगटुंगीला संगीत म्हणणं हा सरस्वतीचा अपमान आहे, आणि ‘आपण बी.कॉम. आहात, तेव्हा आपण व्याजाचं बघावं.’

गुरुजी, व्याजाचंच बघतो. भांडवल किती आणि त्यावर मिळकत किती, एवढंच आम्हाला शिकवलेलं आहे. १९८५ साली जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निघाला. त्याला संगीत दिलं कोजी कोंडो या गृहस्थांनी. त्यांच्या हातात भांडवल काय होतं? यंत्रातल्या चिपचे पाच आवाज. त्यातले दोन पिपाणीसारखे, एक खालच्या सुरांना धरून राहणारा, एक म्हणजे नुसता खरखराट, आणि पाचवा साठवलेल्या आवाजाचा तुकडा वाजवणारा. आपल्या वाड्यातल्या गणेशोत्सवातही याहून जास्त वाद्यं असतील. कोंडोंनी काय केलं, तर त्या खरखराटीचा ताल केला!

बरं, एवढ्यावर भागत नाही. मारिओने उडी मारली की त्या उडीचा आवाजही याच वाद्यांतून काढायचा. नाणं उचललं की त्याचाही. म्हणजे मैफल ऐन रंगात आलेली असताना पेटीवाल्याने दर दोन मिनिटांनी उठून मंडळींना चहा द्यायचा, आणि परत येऊन सम गाठायची. कोंडो सम गाठतात. खेळाची वेळ संपत आली, शंभराच्या आत आली, की तीच चाल द्रुतात जाते आणि खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याच्याही आधी, १९७८ साली, ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी फक्त चार सूर वापरले होते. शत्रू खाली सरकत येतो तसतशी त्या चार सुरांची लय वाढत जाते. विलंबितातून द्रुतात जाण्यात काय मजा असते, हे मला सांगायला एक शास्त्रीय गायक दोन वर्षं घरी येत होते. आईने त्यांना दरवेळी पोहे दिले. मला काही ते कळलं नाही. चार सुरांनी कळलं.

आणि गुरुजी, ही चाल एकदा ऐकायची नसते. पोर दहा वेळा मरतं, दहा वेळा चाल पहिल्यापासून सुरू होते. लग्नाच्या हॉलमध्ये एकच सनई तिसऱ्यांदा लागली की वरपक्ष घड्याळ बघायला लागतो. शंभराव्यांदा ऐकूनही विटणार नाही अशी चाल बांधून दाखवणं ही साधना नाही, तर दुसरं काय आहे?

आपल्या पत्राला ताजा कलम आहे: ‘माझी नात पेटी उत्तम वाजवते.’ ऐकून आनंद झाला. पण ही पेटी परदेशातून आलेली. ‘मानापमाना’ला १९११ साली चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी, म्हणजे एका पेटीवाल्याने. सगळ्या महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या. तरीसुद्धा १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं. कारण काय, तर ठरीव स्वरांचं यंत्र, त्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हे आपलं संगीतच नव्हे! हे दार तीसेक वर्षं बंद होतं. म्हणजे आपल्या नातीचं जे वाजवणं ऐकून आपण डोळे मिटता, तेही एके काळी टुंगटुंगच होतं. डोळे खुशाल मिटा. कान तेवढे उघडे ठेवा.

आवक क्रमांक चार. डोंबिवली. ‘पोरंटोरं ऐकतात म्हणून ते चांगलं का? लोकप्रिय ते सगळं उथळच असतं.’

साहेब, आपलं हे मत आपल्याआधी एका मंत्र्याचं होतं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम खरं होतं, आणि त्या प्रेमापोटी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी दिसेनाशी झाली. नव्हे, ऐकू येईनाशी झाली. आमचे आजोबा बेहद्द खूश. त्यांनी रेडिओवर नवीन विणलेलं आच्छादन घातलं. आमचे बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. दर बुधवारी संध्याकाळी ते शेजारच्या घरी गणिताचा अभ्यास करायला जायला लागले. बुधवारीच का, हे आजोबांच्या ध्यानात आलं नाही. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ असे. बाबांचं गणित शेवटपर्यंत कच्चं राहिलं. गाणी मात्र कडव्यांसकट पाठ होती. पुढे १९५७ साली सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली आणि बाबांच्या गणिताचा अभ्यास एकाएकी संपला.

आता गंमत बघा. आपल्या पत्राच्या डोक्यावर जुन्या हिंदी गाण्यांच्या एका मंडळाचा शिक्का आहे, आणि त्याखाली ‘कार्याध्यक्ष’ म्हणून आपली सही आहे. ज्या गाण्यांचं मंडळ आपण चालवता, त्याच गाण्यांना उथळ ठरवून एकदा दाराबाहेर उभं केलेलं होतं. ती आत आली, सोफ्यावर बसली, आणि आता नव्या पाहुण्याला विचारताहेत, ‘कोण पाहिजे?’

उपदेशाच्या तिन्ही पत्रांत एकच मुद्दा आहे: हे सगळं परकं. कबूल. ‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचला. १९८९ साली तो ‘गेम बॉय’ या जपानी खेळण्यात आला, तेव्हा त्याला चाल घातली एका जुन्या रशियन लोकगीताची. गाणं आहे कापडचोपड विकणाऱ्या फेरीवाल्याचं. रशियातल्या एका फेरीवाल्याची चाल जगभरच्या पोरांच्या ओठांवर बसली. आपल्याकडे वासुदेव आहे, पोतराज आहे, भारूड आहे. वासुदेवाची चाल कुणी एखाद्या खेळात घातली, तर टोकियोतली पोरं टाळ वाजवतील. पण ते करायला खेळ करावा लागतो. पत्र लिहिणं सोपं पडतं.

आता अभिनंदनाचं पत्र. एका तरुण इंजिनिअरचं. त्याने सोबत यादीच जोडली आहे. २००५ सालच्या ‘सिव्हिलायझेशन ४’ या खेळातल्या ख्रिस्तोफर टिन यांच्या गाण्याला २०११ साली ग्रॅमी मिळालं. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे संघ व्हिडिओ गेमच्या संगीतावर चालत आले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२३ साली मारिओची चाल घेतली आणि २०२५ साली ‘माइनक्राफ्ट’चं संगीत. शेवटी लिहिलं आहे, ‘सर, ही यादी तोंडावर मारा, म्हणजे सगळे गप्प होतील.’

बाळा, होतील. तेच तर दुःख आहे. ही यादी वाचून गुरुजी चष्मा पुसतील आणि म्हणतील, ‘अस्सं? अमेरिकेने घेतलं का? मग त्यात काहीतरी असणार.’ चाल तीच, सूर तेच, कान तेच, फक्त मागे गोल शिक्का आला. बँकेत मी रोज शिक्के मारतो, त्यामुळे शिक्क्याची किंमत मला ठाऊक आहे. शिक्का बघून पास करायची गोष्ट म्हणजे चेक. मी तांब्या घेऊन दाराशी उभा राहिलो, तेव्हा यातलं मला काहीही माहीत नव्हतं. त्या पाच मिनिटांवर कोणाचीही सही नव्हती, म्हणून ती माझी होती. यादी फाइलला लावली आहे. तोंडावर कोणाच्या मारणार नाही.

राहिलं काळजीचं पत्र. इचलकरंजीहून एका ताईंचं. एकच पान. ‘मुलगा दहावीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दार लावून खेळतो. तुम्ही संगीताचं कौतुक करता, ते ठीक. मी काय करू?’

ताई, या पत्राला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही. रात्री दोनच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा. दहावीतल्या पोराने झोपावं, मग खेळात कोणीही काहीही वाजवत असो.

आणखी एक कबुली देतो. या खेळांतले सगळेच आवाज मी पाठीशी घालत नाही. काही आवाज नाण्यांचा पाऊस पडल्यासारखे असतात. चक्र फिरतं, टिणटिण होते, अजून एकदाच दाब म्हणून बोट शिवशिवतं. ते संगीत नव्हे, ते खिसेकापूचं खाकरणं. आमच्या काउंटरवर एकदा एक गृहस्थ पासबुक भरायला आले. छपाई थांबेचना. पन्नास, शंभर, दोनशे, पुन्हा पन्नास, पानामागून पान. खातं त्यांचं, मोबाइल मुलाच्या हातात. मी पान उलटत होतो आणि ते वाचत होते. दोघंही काही बोललो नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली. बरं झालं. पण खेळाच्या आत वस्तू विकण्यासाठी वाजणारी टिणटिण काही संपलेली नाही.

प्रश्न असा, की दाराआड पियानो वाजतो आहे की खिसेकापू खाकरतो आहे, हे तुम्हाला कळणार कसं? दाराबाहेरून ओरडून कळत नाही. मी सहा महिने ओरडत होतो, म्हणून सांगतो. त्या रात्री मी ओरडलो नाही. दार वाजवलं, पलंगाच्या कडेला बसलो आणि विचारलं, “हे काय वाजतंय गं?” मुलीने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग बोलायला लागली ती वीस मिनिटं. “बाबा, हे सारखं वाजत नाही. मध्ये कितीतरी वेळ नुसती शांतता असते. आणि आपण विसरलो ना, की हळूच सुरू होतं. ती शांतता मुद्दाम ठेवलीय.” त्याआधीच्या सहा महिन्यांत आमचं जे बोलणं झालं होतं, ते सगळं मिळून वीस मिनिटांचं भरलं नसतं. मग वेळेचं बोलणं काढलं. साडेदहाला बंद, असं ठरलं. अकरा होतात. पण पूर्वी दोन व्हायचे.

निषेधाच्या उरलेल्या नऊ पत्रांना एकत्रित उत्तर. बँकेत कधीकधी एखादी रक्कम येते, ती कोणाची, कशाबद्दल, काही उलगडत नाही. अशी रक्कम आम्ही खिडकीबाहेर फेकून देत नाही. ती सस्पेन्स खात्यात ठेवतो. उलगडा झाला की ज्याची त्याच्या खात्यावर जमा. नव्या आवाजाचं एवढंच करा, हे माझं मागणं. आवडून घ्या असं मी कुठे म्हणतोय? पण ऐकायच्या आधीच ‘सदर रक्कम खोटी’ असा शेरा मारू नका. तो अधिकार मॅनेजरलाही नाही.

एक सस्पेन्समधली नोंद आमच्या घरातली. १९९२ च्या सुट्टीत मामाने मला त्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कल आणून दिली होती. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं, आणि आत पाच-सात खेळ फिरून फिरून. फुगवलेला ताळेबंद म्हणजे काय, ते मी कॉमर्सला जायच्या आधीच शिकलो. कॅसेटला फुंकर मारायची, यंत्रात खुपसायची, आणि मारिओ सुरू. बुधवारी गणिताला जाणारे आमचे बाबा बाहेरच्या खोलीतून रोज ओरडायचे, “बंद कर ते टुंगटुंग! गाणं आहे का ते?”

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या हिवाळ्यात ते गॅलरीत ऊन खात मटार सोलत बसले होते आणि काहीतरी गुणगुणत होते. मी पेपर खाली ठेवला. मारिओ. सूर थोडे इकडेतिकडे, पण लय पक्की.

“बाबा, हे काय गुणगुणताय?”

ते थांबले. आठवून पाहिलं. मग म्हणाले, “कुणास ठाऊक. कुठल्यातरी जुन्या नाटकातलं पद असेल. चाल बरी आहे.”

मी म्हटलं, “असेल.” आणि मटार सोलायला बसलो.