जिगावची बुडीत रेषा : सपाट नकाशात उंची कुठून आणायची?

नांदुरा : पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पाची चर्चा निघाली की ती पैशावर जाते. १९९० च्या दशकात सुमारे ३९४ कोटींची मान्यता मिळालेला हा प्रकल्प पुढे १३ हजार कोटींच्याही वर गेला, हे नांदुरा आणि जळगाव जामोद तालुक्यांत आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यामागोमाग मोबदला, पुनर्वसन, प्लॉट हे विषय येतात. या सगळ्याच्या बुडाशी असते ती बुडीत रेषा. धरण पूर्ण भरल्यावर पाणी कोणत्या वावरापर्यंत येणार, हे ती रेषा ठरवते, आणि ती रेषा जमिनीच्या उंचीवरून निघते.

अडचण अशी की शेतकऱ्याच्या हातात जे नकाशे असतात त्यात उंची नसतेच. तलाठ्याकडचा गाव नकाशा घ्या, गट नकाशा घ्या, नाहीतर भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत. त्यात धुरे दिसतात, लांबी-रुंदी दिसते, गट नंबर दिसतो. वावर कुठे उंच, कुठे खोलगट, नाल्याकडे किती उतरलेलं, याचा पत्ता नाही. उंचीचा नकाशा वेगळा असतो, समतल रेषांचा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या वाकड्यातिकड्या रेषा भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिल्या आहेत. परीक्षा झाली की त्या विसरल्या जातात.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारास एक प्रमाणाच्या नकाशात या रेषा साधारण २० मीटरच्या अंतराने असतात. लोणारला ते भागतं. तिथलं विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोल, त्यामुळे एकात एक सात रेषा बसतात आणि पाहणाऱ्याला खड्डा लगेच कळतो. बुलढाणा शहराकडून घाट उतरतानाही रेषा दाटीवाटीने येतात. पण घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत, कोसभर चाललं तरी एक रेषा ओलांडली जात नाही. म्हणून धरणासारख्या कामाला मीटर-अर्ध्या मीटरच्या अंतराची मोजणी लागते. टोटल स्टेशनने किंवा ड्रोनने बिंदू घेतात, त्यावरून रेषा काढतात आणि ते ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये तयार होतं.

इथपर्यंत ठीक. गेल्या काही वर्षांत याच्या पुढची पायरी आली आहे. इमारतींचं डिझाइन करणारी रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर हे सपाट ड्रॉइंग आत घेतात आणि त्यावरून जमिनीचं उंचसखल मॉडेल उभं करतात. पद्धत समजायला अवघड नाही. प्रत्येक रेषेवरचे बिंदू उचलायचे, जवळचे तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण करायचे, आणि त्रिकोणांची चादर अंथरली की तीच जमीन. रेव्हिटच्या २०२४ च्या आवृत्तीपासून ही जमीन नुसती पातळ चादर राहिली नाही, जाडी असलेला थर झाली. खोदकाम किती, भराव किती, हे तिच्यातून काढता येतं. शाळा, टाकी, रस्ता त्याच मॉडेलवर मांडून पाहता येतो.

पण खरी गोम ड्रॉइंगमध्ये आहे. बऱ्याच ड्रॉइंगमध्ये रेषेच्या शेजारी उंचीचा आकडा नुसता लिहिलेला असतो आणि रेषा स्वतः शून्य उंचीवर पडलेली असते. माणूस तो आकडा वाचतो. सॉफ्टवेअर वाचत नाही, त्याला तो आकडा म्हणजे एक चित्र. मग २८० ची रेषाही शून्यावर, २८५ चीही शून्यावर, आणि मॉडेल निघतं ते खळ्यासारखं सपाट. दुसरी गडबड मापाची. मोजणी मीटरमध्ये आणि सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्ये असेल तर २८५ मीटरची उंची सव्वा वितीवर येते. या दोन चुका निदान डोळ्याला दिसतात. तिसरी दिसत नाही. रेषांसोबत नावं, चौकटी, विहिरीच्या खुणा असे इतर थरही आत आले, तर त्यांचे बिंदूही जमीन म्हणून धरले जातात. वावराच्या मधोमध खड्डा पडतो, जो जागेवर नाहीच. चौथी म्हणजे दोन रेषांमधली जागा. तिथे बिंदूच नसेल तर सॉफ्टवेअर सरळ उतार धरून चालतं. मधला बारका नाला, पांदण, जुना बांध त्यात गायब. ज्याने ते शिवार पायाखाली घातलं आहे त्याला हे लगेच ओळखू येतं, टेबलावर बसलेल्याला नाही.

सपाट मुलखात या चुका महागात पडतात, ते हिशेबाने बघा. घाटात पाच मीटरला एक मीटर उतार धरला, तर उंचीत अर्ध्या मीटरची चूक पाण्याची कड अडीच मीटर सरकवते. घाटाखाली पाचशे मीटरला एक मीटर उतार धरला, तर तीच अर्ध्या मीटरची चूक कड अडीचशे मीटर सरकवते. एक किलोमीटर लांबीच्या काठावर ती पट्टी २५ हेक्टरची, म्हणजे ६० एकराच्या वर होते. त्यात कोणाची ओलिताची जमीन असेल, कोणाचं घर. आत धरलं तर जमीन जाते. बाहेर धरलं आणि फुगवट्याचं पाणी नाल्याने आत आलं, तर जमीन कागदावर राहते आणि पीक मात्र दरसाल पाण्यात.

पुनर्वसनाच्या गावठाणाचंही तेच. राज्यात नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यात रस्ते आणि गटारंही आली. सपाट लेआउटवर सगळे प्लॉट सारखेच दिसतात. कोणता प्लॉट खोलगट जागी आहे आणि कोणत्या गटाराला पुढे उतारच नाही, हे पहिल्या पावसात समजतं. काळी माती फुगते, पाणी धरते, पाया हलवते. घर बांधून झाल्यावर त्यावर इलाज महाग असतो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद, संग्रामपूर भागात सातपुड्याकडून आलेल्या पाण्याने काय केलं, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. अशा ठिकाणी प्लॉट वाटपाच्या आधी मॉडेल पडद्यावर लावून ग्रामसभेला दाखवलं, तर निम्मे वाद तिथेच मिटतील. उरलेले मिटणार नाहीत, कारण चांगला प्लॉट सगळ्यांनाच पाहिजे.

गाळ काढण्याच्या कामातही याचा उपयोग आहे. महामार्गाच्या कामाला तलावातली माती-मुरूम वापरून साठा वाढवण्याचा 'बुलढाणा पॅटर्न' गाजला. असं काम घनमीटरवर किंवा ब्रासवर मोजलं जातं, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. टिप्पर मोजत बसण्यापेक्षा खोदण्याआधीचं एक मॉडेल आणि नंतरचं एक, यातला फरक काढला तर किती माती गेली ते निघतं. मात्र दोन्ही मोजण्या एकाच बेंचमार्कवरून हव्यात, नाहीतर फरकाला अर्थ नाही.

सॉफ्टवेअर महाग आहे ही तक्रार खरी, पण ती अर्धीच. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि समतल रेषांवरून उंचीचं मॉडेल तेही करतं. खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या किंवा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांना एखाद्या गावाचं शिवार प्रकल्प म्हणून दिलं, तर शिकणंही होईल आणि गावाचं कामही. कायद्याचा अडसरही कमी झाला आहे. केंद्राने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती-संस्थांना नकाशे आणि उंचीची माहिती तयार करायला, वापरायला बरीच मोकळीक दिली.

अडतं ते मूळ माहितीपाशी. गावाला मिळते छापील प्रत, फार तर पीडीएफ. तिच्यातून मॉडेल करायचं म्हणजे रेषा पुन्हा हाताने गिरवणं, प्रत्येकीला उंची देणं, आणि त्यात नव्या चुका. त्यापेक्षा बिंदूंची फाइल मागावी. त्यात प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात, पूर्वेकडचं अंतर, उत्तरेकडचं अंतर आणि उंची. रेव्हिट ती थेट वाचतं, क्यूजीआयएसही वाचतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याची तरतूद कलम २ मध्येच आहे. अर्ज करताना गावाचं नाव आणि गट नंबरांसोबत मोजणीची तारीख, बेंचमार्क कुठला धरला, आणि पूर्ण संचय पातळी किती मीटर धरली, ही तीन माहिती त्याच अर्जात मागून घ्यावी.